तळवडेकर बाईंचा उजवा पाय

इंदू तळवडेकर आमच्या शाळेत ड्रिल शिकवायला आली, त्या दिवशी तिने पहिला हुकूम सोडला तो मुलींवर नव्हे, मुख्याध्यापिकांवर. प्रार्थना संपली होती. मोठ्या बाई एका पायावर भार टाकून सूचना वाचत होत्या, आणि ही नवी, सडपातळ, सावळी बाई खालून म्हणाली, "बाई, दोन्ही पायांवर उभ्या राहा. कंबर धरेल." मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, आली तशी ही चालली. पण मोठ्या बाई मुकाट्याने दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या आणि उरलेल्या सूचना त्यांनी तशाच वाचल्या.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. मुलुंड तेव्हा आटोपशीर होतं. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला मिठागरं आणि मधे आमची मुलींची शाळा, बैठी नि कौलारू. मैदान मात्र ऐसपैस. मी शरीरशास्त्र आणि आरोग्य शिकवत असे, म्हणजे पुस्तकात होतं ते फळ्यावर लिहीत असे. माणसाला हाडं किती, स्नायू किती, हे मला तोंडपाठ होतं. स्वतःच्या शरीराशी म्हणाल तर माझा फारसा परिचय नव्हता.

इंदूचं उलटं. तिला नावं ठाऊक नसत, पण मुलगी वर्गात शिरताना नुसती चालली तरी ती सांगायची, "हिचा डावा बूट चावतोय" किंवा "ही घरी रडून आलीय." गळ्यात काळ्या नाडीला शिट्टी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅन्व्हासचे बूट. ते बूट ती रोज खडूने पांढरे करायची, आणि तेवढा वेळ शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्यांच्या चहात खडू पडायचा. ती बसलेली मी क्वचितच पाहिली. डबासुद्धा खिडकीशी उभ्याने खायची. दाणे आणि गूळ हा तिचा डबा. लेझीम हा तिचा खरा विषय, बाकीचं ड्रिल ती कर्तव्य म्हणून उरकायची. आमचा शिपाई धोंडिबा हलगी वाजवायचा आणि दोनशे मुली इंदूच्या "चार आवाज!" या एका आरोळीवर एकदम वळायच्या, तेव्हा रस्त्यावरचे टांगे थांबायचे.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "हुकूम स्पष्ट हवा. शरीर गाढव नसतं, हुकूम देणारा गाढव असतो." हे ती मुलींना सांगायची, मला सांगायची, एकदा टांग्याच्या घोड्यालाही सांगताना मी ऐकलं आहे.

तिचे वडील गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. दोघं बाप-लेक स्टेशनजवळच्या चाळीत राहात. मी मागच्याच गल्लीत. आम्ही दोघी संध्याकाळी बरोबर निघायचो. ती मला "कमळे" म्हणायची. बाकी सगळं जग मला लिमये बाई म्हणत असे.

तिला शाळेत येऊन चार वर्षं झाली त्या वर्षी, स्नेहसंमेलनाच्या दोन दिवस आधी, मैदानावर मांडव घालायचं काम चाललं होतं. आडोशाचा एक पत्रा हलवायचा होता. गडी जेवायला गेले होते. इंदूला वाट बघणं माहीत नाही. तिने एक टोक धरलं आणि मला हाक मारली, "ये गं कमळे, तुझ्या त्या शास्त्रात हात पण असतात ना?" मी दुसरं टोक धरलं. वारं आलं, पत्रा फडफडला, आणि माझ्या हातातून टोक सुटलं. पत्रा तिच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडा खाली, आडवा लागला.

जखम भरली. महिन्याभरात टाकेसुद्धा विसरले गेले असते. पण त्या जागी हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू जातो, तो मी दर वर्षी फळ्यावर काढत असे. तो तुटला होता. पाऊल वर उचलणारे स्नायू त्याच्यावर चालतात. इंदूचं उजवं पाऊल खाली लोंबू लागलं. पाय उचलला की बोटं जमिनीवर घासत यायची, आणि टेकताना फट्ट असा आवाज व्हायचा. वर्गात शिरण्याआधी अख्ख्या व्हरांड्याला कळायचं की तळवडेकर बाई आल्या. चप्पल पायात राहीना. बुटाच्या टोकाला महिन्याभरात भोक पडलं.

पत्र्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मीही नाही. रोज संध्याकाळी बरोबर चालायचो, आणि मी तिच्या पायाकडे न बघण्याचा प्रयत्न करत पूर्ण वेळ तिच्या पायाकडे बघत असायचे.

तंतू परत जुळेल म्हणून वर्षभर वाट पाहिली. जुळला नाही. शेवटी शहरातल्या मोठ्या इस्पितळात एका सर्जनकडे गेलो. मी बरोबर होते. ते कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागदावर पाय काढला.

"पाऊल उचलणारा स्नायू मेलाय," ते म्हणाले. "पण पोटरीत खोल एक दुसरा आहे, पाऊल आत वळवणारा. तो जिवंत आहे. त्याची दोरी खालून सोडवायची, पुढे आणायची आणि पावलाच्या वर बांधायची. मग तो ओढेल तेव्हा पाऊल वर येईल."

"म्हणजे झालं की," इंदू म्हणाली.

"नाही झालं. त्याला माहीत नाही ना आपली जागा बदलली ते. तो जुन्या वेळेला जुनं काम करणार. तुम्ही मनात आणाल तेव्हा पाऊल वर येईल, ते तुमचं डोकं शिकेल, महिन्या-दोन महिन्यांत. पण चालताना आपण मनात आणतो का? चालणं पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू बघतो, डोक्याला न विचारता. तो शिकला तर तुम्ही चालाल. काहींचा शिकतो, काहींचा शिकत नाही. का, ते आम्हालाही नीट कळलेलं नाही."

बाहेर आल्यावर इंदू मला म्हणाली, "मज्जारज्जू म्हणजे तेच ना, जे तू फळ्यावर शेपटीसारखं काढतेस?"

मी हो म्हटलं.

"त्याला शिकवता येतं असं तुझ्या पुस्तकात आहे?"

नव्हतं. माझ्या पुस्तकात तो नुसता निरोप्या होता. वरून आलेला हुकूम खाली पोचवायचा, खालची बातमी वर द्यायची. गुडघ्यावर टिचकी मारली तर पाय उडवायचा, एवढीच त्याची स्वतःची अक्कल. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं.

शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली. प्लास्टर निघालं तेव्हा पावसाळा चालू होता. शाळेने तिला तोवर शिवणाचा वर्ग दिला होता. इंदू आणि सुई हे दृश्य केविलवाणं होतं. ती मुलींना टाके घालायला सांगायची आणि स्वतः खिडकीतून मैदानाकडे बघत उभी राहायची. शाळा चालवणाऱ्या समितीत तेव्हाच कुजबूज सुरू झाली की ड्रिलसाठी नवी बाई नेमावी आणि तळवडेकर बाईंना शिवणावर कायम करावं. दयेपोटीच म्हणत होते सगळे. इंदूला दयेचा मनस्वी राग. "शिवणावर कायम करण्यापेक्षा माझ्यावर शिवण करा आणि पोत्यात भरून खाडीत सोडा," ती म्हणाली.

मग तिने पायाला ड्रिल लावलं. हीच तिची चूक, आणि ड्रिलच्या बाईशिवाय दुसऱ्या कोणी ती केली नसती. शाळा भरण्याआधी रिकाम्या मैदानावर ती एकटी उभी राहायची, शिट्टी मारायची आणि स्वतःच्या पावलाला हुकूम द्यायची. "उजवा! उचल! टेक! उजवा! उचल!" डॉक्टर म्हणाले होते तसं पाऊल आत वळवायचं मनात आणलं की ते वर यायचं. खुर्चीत बसून तर झकास यायचं. पण चालायला लागलं की घोळ. पाऊल जमिनीवर टेकलं, भार आला, की बोटं वर उठायची, आणि पाय हवेत गेला की पाऊल पुन्हा लोंबायचं.

"सलाम ठोकतंय मेलं, चुकीच्या वेळेला," इंदू म्हणाली, आणि त्या चुकीची शिक्षा म्हणून पायाला दहा फेऱ्या जास्त घातल्या. पाय सुजला. दुसऱ्या दिवशी हुकूम आणखी मोठ्याने.

एका रविवारी मी तिच्याकडे गेले तेव्हा तिचे वडील गॅलरीत बिडी ओढत बसले होते. आत इंदू हुकूम सोडत होती आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला काठी ठोकत होतं. मी म्हाताऱ्यांना डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलं. जुना स्नायू, नवं काम. भार असताना ओढायची त्याची जुनी वेळ, आणि आता पाय हवेत असताना ओढायचं.

"म्हंजे दिवसपाळीचो कामगार रातपाळीक घातलो," ते म्हणाले.

मी म्हटलं, अगदी तसंच.

"मगे ह्या आरडता कित्याक? माका रातपाळी लागली तेव्हा पयलो आठवडो कामार झोप आणि घराक इल्यार डोळो लागना नाय. मी काय आंगाक हुकूम सोडलंय? भोंगो वाजलो की जात रवलंय. एक दिस आंगाक आपसूक समाजला."

आतून इंदू ओरडली, "बाबा, पाय म्हणजे गिरणी नाही!"

"पाय म्हंजे पोलीसपरेड पण नाय गो," म्हातारे म्हणाले आणि त्यांनी दुसरी बिडी पेटवली.

ऑक्टोबरात समितीने तिला बोलावलं. चालून दाखवा, म्हणाले. शिक्षकांच्या खोलीत एका भिंतीशी अध्यक्ष आप्पासाहेब आणि तीन सभासद, दुसऱ्या भिंतीशी आम्ही सगळ्या. आप्पासाहेब म्हणजे चांगला पोट सुटलेला, काळी टोपी, खांद्यावर उपरणं, मनाने सज्जन माणूस. इंदूवरच्या प्रेमाने आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून धरले. चहाच्या कपाचा आवाज नको म्हणून कोणी कपही खाली ठेवीना. त्या शांततेत ती निघाली. चौथ्या पावलाला बोटं पायपुसण्यात अडकली आणि ती टेबलावर हात टेकून कशीबशी सावरली.

आप्पासाहेब हळुवारपणे म्हणाले, "बाई, डिसेंबरात पुन्हा पाहू. नाहीतर मग आपलं शिवण आहेच."

आम्ही दोघी घरी निघालो. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहूनही जास्त भीती वाटत होती की ती आता पत्र्याचं बोलेल.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ती मैदान सोडून मिठागराच्या बांधावर चालायला लागली, कारण तिथे बघायला कोणी नसतं असं तिला वाटलं. पाऊस सरला की मिठागरातल्या बाया बांधांवर ओला चिखल थापून डागडुजी करतात. त्या ताज्या चिखलावर इंदूच्या प्रत्येक उजव्या पावलापाठी बोटं घासल्याची एक लांब रेघ उमटायची. पाऊल, रेघ. पाऊल, रेघ. अरुंद बांधावर मी तिच्या मागून चालत असल्यामुळे मला दुसरं काही दिसतच नसे.

चौथ्या की पाचव्या दिवशी मिठागरातली एक दणकट बाई कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहिली.

"ओ बाई! आम्ही थापायचं नि तुम्ही नांगरायचं? ही रेघ बघा. उद्या भरतीचं पाणी इथूनच घुसेल."

इंदू पडली ड्रिलची बाई. तिने चालता चालताच उत्तर दिलं. बांध सरकारी आहे का तुझ्या बापाचा, इथपासून सुरुवात झाली. बाई मागे मागे सरकत भांडत होती, इंदू पुढे पुढे जात भांडत होती, आणि दोघींचे आवाज थेट रेल्वेलाइनपर्यंत जात असतील. मी शरमेने खाली मान घातली, आणि म्हणूनच मला दिसलं. पावलं होती. रेघ नव्हती.

"इंदू," मी म्हटलं.

"थांब गं, हिला आधी बघते."

"इंदू, खाली बघ."

तिने वळून पाहिलं. बांधाच्या सुरुवातीपासून रेघा होत्या, आणि जिथे भांडण सुरू झालं तिथून पुढे स्वच्छ पावलं. मी मोजली नाहीत, पण वीस-पंचवीस तरी होती. त्या बाईनेही वाकून पाहिलं. "आता नीट पडतंय की," ती म्हणाली, "मग मघाशी काय झालं होतं?"

इंदू चिखलात उकिडवी बसली. ती बसलेली मी पाहिली ती अशी. तिने एका पावलाच्या टोकाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "हा शिकलाय गं कमळे. कधीचाच शिकलाय. मीच त्याला काम करू देत नाहीये."

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. "भांड माझ्याशी," ती म्हणायची. रोज संध्याकाळी बांधावर. मी भांडण्यात अगदीच कच्ची. तिने आधी पाढे म्हणून पाहिले होते, पावकी, निमकी, पण ते तिला इतके पाठ होते की डोकं मोकळं राहायचं आणि पायात नाक खुपसायला जायचं. भांडण हवं. मग मी विषय शोधू लागले. तू चहात खडू पाडतेस. तू माझी छत्री हरवलीस. कांद्याच्या थालिपिठात ओवा घालावा की नाही, यावर आम्ही तीन दिवस भांडलो. मी खोटं भांडतेय हे तिला लगेच कळायचं, आणि पायालाही. रेघ परत यायची.

एके दिवशी माझे विषय संपले. मी वैतागून म्हटलं, "मला नाही जमत. तूच काढ काहीतरी."

ती चालत राहिली. मग पुढे बघतच म्हणाली, "तू पत्र्याचं टोक सोडलंस."

माझे पाय थांबले. तिचे थांबले नाहीत. "सोडलंस की नाही? दोन वर्षं गप्प बसलीस! इस्पितळात आलीस, डबे आणलेस, रविवारी रविवारी आलीस, पण तोंडातून एकदा निघालं नाही!"

"वारं आलं होतं," मी म्हटलं, आणि तिच्यामागे धावले.

"वारं माझ्या बाजूला पण होतं!"

"मग तू का नाही बोललीस? दोन वर्षं मला तुझ्या पायाकडे बघायला लावलंस! रोज! तुला काय वाटतं, मला झोप लागते? मी रोज ते टोक धरते गं, रोज माझ्या हातून सुटतं!"

मी रडत होते आणि ओरडत होते. तीही ओरडत होती. तो अख्खा बांध आम्ही तसाच पार केला, वळलो, दुसरा बांध धरला, आणि तो संपला तिथे धापा टाकत थांबलो. इंदूने मागे पाहिलं. दोन्ही बांधांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक रेघ नव्हती.

ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "खरं भांडण पाहिजे होतं त्याला," ती म्हणाली. आणि मग, नाक पुसत, "सुटलं तर सुटलं गं. मी तरी कुठे गड्यांची वाट बघितली." एवढंच. त्या रात्री मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

ठरल्याप्रमाणे डिसेंबरात समिती पुन्हा आली. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, पायपुसणं कोणीतरी आठवणीने उचललं होतं. इंदू दारात येऊन उभी राहिली.

"मी चालून दाखवणार नाही," ती म्हणाली.

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. माझाही.

"चालणं ही बघण्याची गोष्ट नाही. मी वर्ग घेऊन दाखवते. मुली परीक्षेला बसल्यात, तेव्हा विद्यार्थी तुम्हीच. चला मैदानावर."

सकाळीच धोंडिबाने तिच्या सांगण्यावरून मैदानाच्या एका पट्ट्यावर भरपूर पाणी शिंपडून ठेवलं होतं. कशाला, ते त्याने विचारलं नव्हतं. तोच आता हलगी शेकून तयार बसला होता. इंदूने चौघांच्या हातात एकेक लेझीम दिली. आप्पासाहेब म्हणाले, "अहो बाई, या वयात?" तर ती म्हणाली, "दोन्ही पायांवर उभे राहा. कंबर धरेल." मोठ्या बाई खिडकीत उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला.

हलगी सुरू झाली. "चार आवाज!" इंदू ओरडली, आणि चौघांच्या लेझिमी चार वेगवेगळ्या वेळी वाजल्या. तिने त्यांना सोडलं नाही. समोर उभं राहून करून दाखवलं, बाजूला जाऊन खांदे सरळ केले, एका सभासदाची टोपी पडली ती पळत जाऊन उचलली, मागे सरकत मोजलं, पुढे येत दटावलं. "आप्पासाहेब, हात गुडघ्याखाली! लेझीम आहे, पानाचा डबा नाही!" "आगे फलांग" आलं तेव्हा ती स्वतः पुढे झेपावली, वळली, पुन्हा झेपावली, आणि चौघं गृहस्थ घामाघूम होऊन तिच्यामागे. शेवटी शेवटी तर त्यांचे दोन आवाज खरोखरच एकत्र वाजले आणि आप्पासाहेब लहान मुलासारखे "आलं! आलं!" म्हणाले.

तिने शिट्टी मारली. हलगी थांबली.

"आता सांगा," ती म्हणाली. "माझ्या पायाकडे कोणी बघितलं?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीच बघितलं नव्हतं. प्रत्येकाचं लक्ष आपापल्या पायात होतं. मीही खरं सांगते, मी आप्पासाहेबांचं उपरणं सुटतंय का ते बघत होते.

"मीही नाही बघितलं," इंदू म्हणाली. "पण जमिनीने बघितलंय. लिमये बाई, दाखवा यांना."

मी पुढे झाले. ओल्या मातीवर सगळ्यांची पावलं उमटली होती. इंदूच्या कॅन्व्हासच्या बुटांचे ठसे लगेच ओळखू येत होते, उजवा नि डावा सारखेच, टाच ते बोट स्वच्छ. मी दाखवत चालले तेवढ्यात आप्पासाहेब एका जागी वाकले. "पण ही बघा की रेघ. चांगली हातभर आहे. म्हणजे अजून थोडं—"

"ती वहाणेची आहे," मी म्हटलं.

आप्पासाहेबांनी आपल्या वहाणेकडे पाहिलं. मग रेघेकडे. मग पुन्हा वहाणेकडे. आणि मग तो थोर मनाचा माणूस पोट हलवून असा हसला की मैदानाच्या कडेला थांबलेला टांगेवालाही हसू लागला. "लिहून घ्या," ते सभासदांना म्हणाले, "तळवडेकर बाई ड्रिलवर कायम. शिवणाचा वर्ग मला द्या."

व्हरांड्यातल्या सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मुली पेपर सोडून खिडक्यांत आल्या होत्या, त्यांनी आरडाओरडा केला, आणि मोठ्या बाईंनी त्यांना एकदाही दटावलं नाही. धोंडिबाने कोणी न सांगता पुन्हा हलगी धरली. मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितका माझ्या मॅट्रिकच्या निकालालाही झाला नव्हता.

त्या वर्षीच्या संमेलनात दोनशे मुली मैदानावर उतरल्या आणि त्यांच्यापुढे इंदू होती. तिचे वडील पहिल्या रांगेत टोपी घालून बसले होते. लेझीम संपल्यावर ते मला म्हणाले, "आंगाक रातपाळी समाजली गो." मी माझ्या वर्गात मज्जारज्जूचा धडा त्यानंतर वेगळाच शिकवू लागले. पुस्तकात होतं ते सांगायचे, आणि मग म्हणायचे, एवढंच नाही, तो शिकतोसुद्धा, विश्वास नसेल तर खिडकीतून बाहेर बघा. इंदूचंही वाक्य बदललं. "हुकूम एकदा द्या," ती मुलींना सांगू लागली, "मग तोंड मिटा आणि हलगी ऐका."

पुढे माझं लग्न झालं आणि मी बोरिवलीला जायला निघाले. सामान फार नव्हतं. वळकटी टांग्यात चढवताना एक बाजू मी धरली होती, दुसरी टांगेवाल्याने. तेवढ्यात इंदू गल्लीच्या तोंडातून पळत आली, गळ्यात शिट्टी तशीच, मधल्या सुट्टीत शाळेतून सुटून आलेली. तिने टांगेवाल्याला बाजूला केलं आणि त्याच्याकडचं टोक स्वतः धरलं.

"धर नीट, कमळे," ती म्हणाली. "या वेळी सोडशील तर बघ."

मी घट्ट धरलं. वळकटी चढली. टांगा सुटला तशी ती बाजूने पळत आली, ओवा घाल गं थालिपिठात, सासू काही म्हणो, असं ओरडत. मी हसत होते, रडत होते, तिच्या चेहऱ्याकडे बघत हात हलवत होते. ती कोपऱ्यापर्यंत आली, एका हाताने शिट्टी तोंडाला लावून तिने एक लांब शिट्टी मारली आणि वळून शाळेकडे धावत सुटली.

टांगा मोठ्या रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, मी तिच्या पायाकडे बघायची विसरले होते.